सोळा आण्यांची माती

मागच्याच महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला. इंदापूरकडे दोन एकर घेतोय म्हणाला. "काळी कसदार आहे रे, डोळे झाकून घ्यावी अशी!" मी म्हटलं, बाबा रे, डोळे झाकू नकोस, आधी निचरा बघ. त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

इंदापूरची माती म्हणजे साधीसुधी नव्हे, महसुलाच्या इतिहासात तिचं नाव आहे. इंग्रजी राज्य आल्यावर प्रिंगल नावाच्या साहेबानं शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायची पद्धत आणली. हिशोब कागदावर छान, पण सारा झेपेना. लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुका नव्यानं मोजला आणि दर ३० वर्षांसाठी बांधून दिले.

उत्पन्नाचा अंदाज सोडून त्यांनी सरळ माती बघितली : रंग, पोत आणि खोली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली. एकूण नऊ प्रती. पावणेदोन हात खोल काळी बारीक माती म्हणजे सोळा आणे. तेवढीच खोल तांबडी असेल तर चौदा. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की प्रत खाली.

गंमत बघा, त्याच १८४७ साली फ्रान्समधल्या एका गावाजवळच्या मातीतल्या खनिजाला त्या गावावरून माँटमोरिलोनाइट हे नाव मिळालं. हे खनिज ज्या स्मेक्टाइट कुळातलं, तेच कूळ आपल्या काळ्या रानात भरलेलं आहे. पण विंगेटसाहेबांना हे कळायचा प्रश्नच नव्हता. या खनिजाची रचना क्ष-किरणांनी उलगडली ती थेट १९३३ मध्ये.

दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो कुजला की त्यातून चिकणमातीची खनिजं होतात. कोकणात, घाटमाथ्यावर धो धो पाऊस सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. उरतो तो जांभा आणि केओलिनाइट. जिथे हा माल धुऊन जात नाही तिथे स्मेक्टाइट टिकतो. त्याचे पापुद्रे अतिसूक्ष्म : दोन बाजूंना सिलिकाचे थर, मधे अॅल्युमिनाचा. दोन पापुद्र्यांच्या फटीत पाणी शिरतं, माती फुगते. वाळली की आकसते. मे महिन्यातल्या त्या हातभर खोल भेगा याच.

जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात ही मातीच पाण्याची टाकी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी निघते. म्हणजे सोळा आणे अगदी बरोबर होते... कोरडवाहूसाठी!

मग १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरला बारमाही पाणी आलं, ऊस आला. पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अख्खी पुस्तिका लिहावी लागली. झालं काय, तर पाणी धरून ठेवणाऱ्या मातीनं कालव्याचंही पाणी धरलं. भूजल वर आलं, पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. त्यातला सोडियम पापुद्र्यांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो. मग मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजवतात, आणि जमीन होते चोपण. वर डबकं, खाली कोरडं. जिप्सम टाकतात ते कॅल्शियम परत आणायला, पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर नसेल तर तेही वाया.

आमच्या धंद्यात म्हणतात तसं, कालचं फीचर आजचा बग. कोड तोच, सर्व्हर बदलला. विंगेटसाहेबांचं चुकलं असं मला वाटत नाही. पाणी साचणं हा दोष त्यांच्या यादीत होताच. पण पन्नास वर्षांनी कालवा येणार, हे त्या तक्त्यात कुठून असणार? प्रत मातीची ठरली होती; माती आणि पाणी या जोडीची नव्हे.

सातबाऱ्यावर 'आकारणी' म्हणून जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात ना, ते याच पद्धतीचे वारस. आणि "काळी आहे ना?" हा प्रश्नही.

असो. मित्राला एवढंच सांगितलंय : रंग कुणालाही दिसतो. तू खड्डा खण, पाणी ओत आणि किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून बघ. माती-परीक्षणात सोडियमही तपासून घे. त्यानंतर इसार!