आयर्लंडच्या शांत वाटा

आयर्लंडमधून सायकलीवर हिंडून आलेला प्रवासी तेथील दोन गोष्टींची हटकून स्तुती करतो. एक तेथील भूमीचे सौम्य चढउतार, आणि दुसरी तेथील रस्त्यांची शांतता. दोन्ही बाजूंस काटेरी झुडपांची हिरवी कुंपणे, मध्ये गवताची रेघ उगवलेली अरुंद वाट, आणि क्वचित एखादी मोटार, असे ते चित्र असते. हे चित्र खोटे नाही. परंतु इतिहासाच्या वाचकाने ते पाहून एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या वाटेने फारसे कोणी जात नाही, ती वाट मुळात बांधली कोणी, आणि कोणासाठी? रस्ता काही पावसाने उगवत नाही. त्यास पैसा लागतो, हात लागतात, आणि त्याची गरज कोणास तरी भासावी लागते. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे आयर्लंडचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास त्या वाटांवरूनच वाचता येतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूमीकडे पाहू. पूर्वेच्या डाउन परगण्यापासून पश्चिमेच्या मेयोपर्यंत लहान, लांबट टेकड्यांचा एक पट्टा पसरलेला आहे. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी मागे टाकलेल्या मातीखड्यांच्या या टेकड्या होत. भूशास्त्रज्ञ त्यांस ‘ड्रमलिन’ म्हणतात, व हा शब्द पाठ किंवा डोंगराचा कणा अशा अर्थाच्या आयरिश शब्दावरून आला आहे. येथे सायकलस्वारास एकच मोठा घाट लागत नाही. लहान चढ मात्र संपता संपत नाहीत. रस्त्यास आयरिश भाषेत ‘बोहर’ म्हणतात, आणि त्याचे मूळ गाय या शब्दात आहे. एक गाय उभी व एक आडवी मावेल इतका रुंद तो रस्ता, अशी त्याची व्याख्या एका प्राचीन आयरिश कोशात दिलेली आहे. त्याहून लहान ती ‘बोहरीन’. आपल्याकडील ‘पाणंद’ ज्यांनी पाहिली आहे त्यांस हा शब्द निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

परंतु गाईगुरांच्या वाटांनी देशभर जाळे विणले जात नाही. ते काम अठराव्या शतकात झाले. शेतीविषयी लिहिणारा आर्थर यंग हा इंग्रज गृहस्थ १७७६ साली आयर्लंडमध्ये फिरला, तेव्हा इतक्या दरिद्री देशात इतके उत्तम रस्ते पाहून तो चकित झाला. याचे कारण तेथील कारभारात होते. प्रत्येक परगण्यात ‘ग्रँड जूरी’ नामक जमीनदारांची सभा असे. रस्ता कोठून न्यावयाचा हे ती ठरवी, व त्याचा खर्च परगण्यावर पट्टी बसवून वसूल होई. ही पट्टी मुख्यतः जमीन कसणाऱ्या कुळांच्या माथी पडे. रस्ता ठरविणारा एक, पैसे देणारा दुसरा, अशी ही व्यवस्था होती. तीतून रस्ते चांगले झाले हे मान्य करावे लागते. मात्र ते कोणाच्या सोयीचे झाले हेही विसरता येत नाही.

काही रस्त्यांचा हेतू याहूनही उघड होता. डब्लिनच्या दक्षिणेस विक्लोच्या डोंगरांतून जाणारा ‘मिलिटरी रोड’ आज सायकलस्वारांचा अत्यंत आवडता आहे. १७९८ च्या बंडानंतर मायकेल ड्वायर व त्याचे साथीदार या डोंगरांत दडून राहिले. तेथे फौज पोहोचावी म्हणून १८०० साली हा रस्ता बांधावयास घेतला, आणि वाटेवर लष्करी ठाणी उभारली. काम १८०९ साली पुरे झाले. ड्वायर मात्र १८०३ च्या डिसेंबरातच शरण आला होता, व पुढे त्यास ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. ज्यास पकडण्याकरिता रस्ता काढला तो माणूस रस्ता संपण्यापूर्वीच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास गेला. रस्ता मागे राहिला.

तथापि सर्वांत करुण इतिहास दुष्काळी रस्त्यांचा आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला व गोरगरिबांचे मुख्य अन्नच नाहीसे झाले. फुकट अन्न दिल्यास लोक आळशी बनतील, या समजुतीने सरकारने सार्वजनिक कामे काढली. खाजगी मालकाचा फायदा होऊ नये म्हणून जमीन सुधारण्याची कामे बहुतांशी टाळली, आणि खडी फोडणे, टेकाडे कापणे, रस्ते आखणे यांवर भर दिला. १८४७ च्या मार्चात या कामांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. उपाशी माणसाने हिवाळ्यात दगड फोडावे, कामाच्या मापाने मजुरी घ्यावी, आणि तीही पुष्कळदा उशिरा मिळावी, असा तो प्रकार होता. त्याच वसंत ऋतूत सरकारने ही कामे बंद करीत आणली. अर्धवट राहिलेले काही रस्ते आजही माळावर किंवा दलदलीत एकाएकी संपतात.

या मदतकार्याची सूत्रे हलविणारा तिजोरीखात्याचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर झाला. तेव्हा ही कथा आपल्याला अगदी परकी नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्येही अशीच कामे निघाली. मजुरी घटविल्यावर हजारो मजूर कामे सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून स्त्रीपुरुष खडी फोडावयास बसले, ते दृश्य पाहिलेली माणसे आजही आपल्यांत आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. दुष्काळात अदमासे दहा लाख लोक मेले व आणखी दहा लाख देश सोडून गेले. देशांतराची ही रीत पुढे कित्येक दशके सुरूच राहिली, व १९११ साली लोकसंख्या सुमारे ४४ लाखांवर आली. आज ती पुनः वाढून सत्तर लाखांच्या वर गेली असली तरी १८४१ चा आकडा तिने अद्याप गाठलेला नाही. लिट्रिम परगण्याचे उदाहरण पाहावे. १८४१ साली तेथे सुमारे १,५५,००० माणसे राहत. २०२२ साली सुमारे ३५,००० होती. चारपाच बिघ्यांच्या तुकड्यांवर जगणाऱ्या त्या कुळांच्या झोपड्यांपर्यंत वाटा गेल्या होत्या. माणसे गेली, झोपड्या पडल्या, वाटा उरल्या. प्रवासी जिची स्तुती करतो त्या शांततेचे मोठे कारण हेच आहे.

अशा या वाटांवर सायकल आली, तीही आयर्लंडमधूनच नवे बळ घेऊन. बेलफास्ट येथे जनावरांचा वैद्य असलेल्या जॉन बॉइड डनलॉप या स्कॉटिश गृहस्थाने १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी धाव बसविली. ही कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच मांडली होती. परंतु ती व्यवहारात रुजली डनलॉपच्या प्रयोगामुळे. १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम याने अशा धावांच्या सायकलीवर बाजी मारली, व त्याच वर्षी डब्लिनमध्ये या धंद्याची कंपनी निघाली. डनलॉप हे नाव मग आपल्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचले. १८९८ च्या कायद्याने रस्त्यांचा कारभारही ग्रँड जूरीकडून निघून लोकनियुक्त मंडळांकडे आला. जमीनदाराच्या गाडीसाठी व शिपायाच्या बुटांसाठी काढलेल्या रस्त्यांवरून शिक्षक, दुकानातील नोकर, शिवणकाम करणाऱ्या मुली स्वतःच्या इच्छेने हिंडू लागल्या. १९१९ ते १९२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात क्रांतिकारकांचे निरोपही सायकलीवरूनच जात. जे रस्ते पारतंत्र्य पक्के करण्यास बांधले, त्यांचा असा उपयोग होईल हे बांधणाऱ्यांच्या स्वप्नीही नसावे.

देशाची फाळणी झाल्यावर १९२३ साली सरहद्दीवर जकातनाकी बसली. पुढे १९७० नंतरच्या दंगलीच्या काळात ब्रिटिश लष्कराने तेथील अनेक लहान रस्ते सुरुंग लावून उखडले किंवा काँक्रीटचे अडथळे घालून बंद केले. कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी ते खड्डे पुनः पुनः बुजविले. १९९० नंतरच्या दशकात हे रस्ते खुले झाले. आज सायकलस्वारास सरहद्द केव्हा ओलांडली हे पुष्कळदा पाट्यांवरील मैल व किलोमीटर यांच्या फरकावरूनच समजते.

कोणी म्हणेल, सुटीत चार घटका आनंद घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या मागे हे दुःखाचे ओझे कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. आनंदात पाप नाही, आणि ज्या वाटेने कोणी जात नाही ती वाट अखेर बुजते. मेयोमधील वेस्टपोर्ट ते ॲकिल हा लोहमार्ग दरिद्री पश्चिम भागास आधार म्हणून १८९५ च्या सुमारास पुरा झाला, व १९३७ साली बंद पडला. त्याच मार्गावर आता ४२ किलोमीटरांची सायकलवाट झाली आहे, आणि प्रवाशांच्या येण्याने तेथील लोकांस चार पैसे मिळतात. रिकाम्या झालेल्या वाटेचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, शांततेस निसर्गाची देणगी समजून पुढे जाऊ नये. सायकलीवरून जाणाऱ्यास मोटारीतल्या माणसाहून एक गोष्ट अधिक कळते, ती म्हणजे चढ. रस्ता टेकडीस वळसा घालतो की सरळ अंगावर जातो, दरीत उतरतो की माळावर एकाएकी थांबतो, हे त्याच्या पायांस समजते. तेथेच क्षणभर उतरून आजूबाजूस पाहावे. झुडपांत पडक्या भिंतीची एखादी ओळ दिसल्यास तेथे एक घर होते, आणि ही वाट त्या घरच्या माणसांसाठी होती, एवढे ध्यानात घ्यावे; मग खुशाल पुढे जावे.