घाटातली टकटक

आजचा एपिसोड एका आवाजावर आहे. समजा, तुम्ही बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात. पेट्रोलची गाडी, आत पाच जण, डिकी भरलेली. घाट लागला, गिअर चौथाच आहे आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय. बॉनेटखालून बारीक टकटक सुरू होते, जणू पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खडे हलवतंय. चढ संपला की आवाज गायब! यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे गाण्याचा आवाज वाढवायचा.

या टकटकीला मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला पुढे सरकत जाते. पण ताण जास्त असेल तर ज्वाला पोहोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं. त्याचा दणका आपल्याला ऐकू येतो. हे रोज होत राहिलं तर पिस्टन खराब होऊ शकतो.

आपल्याकडे हा आवाज पटकन कुणाच्या कानात का भरत नाही? बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर परळीला रेल्वे होती, पण बीडकरांचा सगळा भरवसा रस्त्यावरच. एसटी, काळी-पिवळी जीप, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं डिझेलवर. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच, दाबलेल्या गरम हवेत डिझेल आपोआप पेटतं. म्हणून तिथली खडखड हा इंजिनाचा स्वभाव असतो. त्याच आवाजावर आपले कान घडले. पेट्रोलच्या गाडीत मात्र तो आजार असतो.

आता जरा अमेरिकेत जाऊ. १९१२ च्या सुमारास मोटारींना हाच त्रास होता. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेल्या बॅटरी-इग्निशनवर लोक नॉकिंगचं खापर फोडत होते. केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. मिजली यांनी दाखवून दिलं की दोष इग्निशनचा नसून इंधनाचा आहे. निदान अगदी बरोबर होतं. घोळ झाला तो उपाय निवडताना.

उपाय दोन होते. एक अल्कोहोल. ऑक्टोबर १९२१ मध्ये मिजली यांनी ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर डेटनहून इंडियानापोलिसपर्यंत गाडी नेली होती. दुसरा उपाय डिसेंबर १९२१ मध्ये सापडला, टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं रसायन. चिमूटभर घातलं की टकटक बंद. अल्कोहोल कुणीही पिकापासून बनवू शकत होतं, शिशाच्या नफ्यावर मात्र कंपनीचा हक्क राहणार होता. जनरल मोटर्सने शिसं निवडलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ते पेट्रोल पंपावर आलं, नाव ‘एथिल’. नावात शिशाचा पत्ताच नाही!

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. तरीही विक्री पुढे वाढतच गेली. शिसं धुरातून हवेत गेलं, लहान मुलांच्या रक्तात गेलं, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम झाला. भारतात शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं. टकटक बंद करायची किंमत जगाने जवळपास शंभर वर्षं मोजली.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. आज आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. म्हणजे तोच अल्कोहोलचा उपाय, जो १९२१ मध्येच हाताशी होता. भारतात हे इथेनॉल धान्यापासूनही बनतं आणि उसापासूनही. आणि दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला कोण जातं, हे आपल्याला सांगायला नको. जुन्या गाड्यांचे रबरी भाग, मायलेज, हे वाद आहेतच. पण नॉकिंगपुरतं बोलायचं तर इथेनॉल ते कमी करतं.

या इतिहासातून मी एवढंच घेतलं: आवाज दाबणं वेगळं आणि बिघाड काढणं वेगळं. म्हणून गाडी वाजली की आधी बघा, आवाज कधी येतो. चढावर टकटक झाली तर खालचा गिअर टाका, ॲक्सिलरेटर सैल सोडा. तरीही थांबली नाही तर प्लग, कार्बन, नॉक सेन्सर तपासून घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट येते? पुढच्या ॲक्सलचा जॉइंट बघा. वेगाबरोबर घूंघूं वाढते आणि गिअर बदलूनही तशीच राहते? व्हील बेअरिंग असू शकतं. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर घाटात उतरूच नका, पॅड संपलेत.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं “गाडी वाजतेय” म्हणू नका. “चौथ्या गिअरला, चढावर, पाच माणसं असताना वाजते” असं सांगा. त्याचं निम्मं काम तिथेच होतं आणि तुमचे पैसेही वाचतात. भेटू पुढच्या भागात. तोवर गाणी जरा हळू लावा.