तुरटी, चुना आणि नलगोंडा

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणारी आजी तुमच्याही घरी असेल. याच तुरटीवर नागपुरात केवढे संशोधन झाले, हे मला निवृत्तीनंतर कळले.

नलगोंडा (आता तेलंगणात) भागात भूजलात फ्लोराइड फार. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की दात डागाळतात. त्याहून जास्त, वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे वाकतात. पाणी मात्र दिसायला नितळ! नागपूरच्या 'नीरी'ने १९७५ च्या सुमारास उपाय मांडला : चुना, तुरटी, ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, साका बसू द्यायचा, मग पाणी गाळायचे. साक्याबरोबर फ्लोराइडही खाली बसते. १९८० मध्ये आंध्रातील कदिरी गावात असे सामुदायिक केंद्र उभे राहिले. ही पद्धत पुढे टांझानियापर्यंत पोचली.

पण रोज मोजून तुरटी घालायची, साका काढायचा. प्रमाण चुकले की पाण्यात ॲल्युमिनियम उरते. शेवटी नलगोंड्याला खरा दिलासा मिळाला तो कृष्णेच्या पाण्याने. वाकलेली हाडे मात्र सरळ होत नाहीत.

प्रयोगशाळेत जमलेले गावात रोज जमेलच असे नाही. वर्गात फळ्यावर सुटलेले गणित घरी सुटत नाही, हे आयुष्यभर पाहिलेच की मी. असो.