चपरास आणि पंख

अंगावर बिल्ला लावण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. परंतु पूर्वी तो मानाचा खचितच नव्हता. ‘चपराशी’ हा शब्दच पाहावा. पट्ट्यावर जी पितळी चकती असे ती चपरास, आणि ती धारण करणारा तो चपराशी. तिच्यावर नाव असावयाचे ते कचेरीचे, माणसाचे नव्हे. बारामतीकडील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी मामलेदार कचेरीचा पट्टेवाला आला म्हणजे लोक ओळखीत ते त्या चकतीला. हा कोणाचा माणूस, एवढेच तिने सांगावयाचे.

बिल्ल्याने कोणाचे तरी स्मरण करावयाचे, ही कल्पना निराळी. पाश्चात्त्य देशांतील पोलिसांच्या हेलिकॉप्टर पथकांत ती चांगलीच रुजलेली दिसते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९२९ साली विमानपथक उभारले आणि १९४८ साली हेलिकॉप्टर घेतले. अशा पथकांच्या बाहीवर कापडी बिल्ले शिवलेले असतात. त्यांवर पंख, फिरते पाते, शहराचे नाव. पथकाच्या वर्धापनदिनी, किंवा एखादा सहकारी अपघातात गेला असता, खास बिल्ले काढतात, आणि पुढे ते संग्राहकांच्या पेटीतही जाऊन पडतात. या हौसेस हसणारे हसोत. वृत्तपत्रांत एक दिवस टिकणारे नाव तळहाताएवढ्या कापडावर पुष्कळ वर्षे राहते.

महाराष्ट्र पोलिसांस २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ध्वज मिळाला. त्यांच्या मानचिन्हावर अभय देणारा पंजा आहे, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आहे. पंख मात्र नाहीत. आणि तरीही पंखांवाचून ज्यांचे चालत नाही असे पोलीस आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी झुंजण्यासाठी १९९० साली सी-६० पथक निघाले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. त्या अरण्यातून जखमी शिपायाला नागपूरच्या रुग्णालयात वेळेवर पोचवावयाचे तर आकाशाखेरीज वाट नाही, आणि ही वाट बराच काळ हवाई दलाच्या व पवनहंसच्या वैमानिकांनी उघडी ठेविली. कामगिरी पोलिसांची, उड्डाण दुसऱ्याचे!

या वाटेवर धोका काय असतो, हे गडचिरोलीस लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात नोव्हेंबर २००८ मध्ये दिसून आले. निवडणुकीच्या कामावरील हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळ्या झाडल्या आणि आतील फ्लाइट इंजिनियर सार्जंट मुस्तफा अली मृत्यू पावले. काम सरहद्दीवरचे नव्हे, मुलकी कारभाराचे. मरण मात्र सैनिकाचे. अशा मनुष्याचे नाव हवाई दलाच्या दप्तरी राहील. परंतु ज्यांच्यासाठी असे लोक उडतात, त्या पोलिसांच्या स्मरणात त्यांस जागा कोठे?

माझ्या मते ती बाहीवर आहे. पंजाच्या खाली दोन पंख काढावेत, आणि तो बिल्ला शिपायाने व वैमानिकाने दोघांनीही लावावा. त्यावर खात्याचे नाव नसले तरी चालेल.