पहिला नंबर

मुदतठेव मोडायला आलेल्या माणसाचा चेहरा मी लांबूनच ओळखतो. वीस वर्षं काउंटरमागे बसून दुसरं काही जमलं नसलं तरी एवढं जमलं आहे. पण त्या दिवशी तो चेहरा घेऊन आमचा धाकटा मेहुणाच समोर उभा! हिंगोलीत त्याचं हळदीचं दुकान. ठेव ४०,००० रुपयांची, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली.

"दाजी, गूगलवर पहिला नंबर! पोरगा ग्यारंटी द्यायलाय. नुसते पैसे भरायचे."

मी पडलो बी.कॉम. ग्यारंटी हा शब्द ऐकला की माझी नजर आधी जामीनदार शोधते. आणि गंमत अशी, की गूगलचा सगळा इतिहास जामीनदारांचाच आहे.

पूर्वी, म्हणजे १९९५ साली अल्टाव्हिस्टा निघालं त्या सुमाराला, शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. झालं! दुकानदारांनी एकच शब्द शंभरदा लिहायला सुरुवात केली. तोही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसू नये आणि यंत्राला दिसावा. लग्नपत्रिकेत 'भोजन' शंभरदा छापलं म्हणून जिलबी वाढत नाही, हे यंत्राला कोण सांगणार?

ते सांगितलं लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी. १९९६ साली त्यांच्या प्रयोगाचं नाव होतं 'बॅकरब', म्हणजे चक्क पाठ चोळणं! कल्पना मात्र अस्सल बँकेतली. तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता ते राहू द्या. तुमच्यासाठी सही कोण करतो ते दाखवा. एका पानानं दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं की ती झाली जामीनकी. जामीनदार जितका पतवान, तितकं वजन जास्त. आणि जो साऱ्या गावाला जामीन राहतो, त्याच्या सहीचं वजन वाटून हलकं. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी झाली. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला १ मे १९९९ला. म्हणजे गूगल आमच्या जिल्ह्याहून आठेक महिन्यांनी थोरलं.

पुढं व्हायचं तेच झालं. जामीनदार विकत मिळू लागले! मोठ्या घरांनाही मोह सुटला नाही. २००६ साली बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळानं यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवलं, तर गूगलनं ते यादीतूनच काढलं. २००९ साली जाहीर झालं, की पानाच्या पोटात लपवलेली कीवर्डची यादी क्रम ठरवताना बघतच नाहीत. २०११ साली 'पांडा' आला, त्यानं उसन्या, पोकळ मजकुराला खाली ढकललं. २०१२ साली 'पेंग्विन' आला, त्यानं विकतच्या जामीनदारांना. जाहिरातीचे पैसे भरून वर दिसता येतं, पण ती रांगच निराळी. तिनं खालचा क्रम हलत नाही. आणि पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं.

एवढं सगळं मी काउंटरवर सांगितलं. मागची रांग दारापर्यंत गेली. मेहुणा शांतपणे म्हणाला, "दाजी, फॉर्म द्या."

मी फॉर्म दिला. मुदतीपूर्वी मोडल्याचं व्याजही कापलं. नियम तो नियम.

महिन्यानं फोन आला, "पहिला!" बघितलं, तर त्यानं दुकानाचं अख्खं नाव, आजोबांच्या नावासकट, टाकलं होतं. एवढ्या पत्त्यावर तर पोस्टमनही चुकत नाही! नुसतं 'चांगली हळद' टाकलं, तर चार पानं चाळूनही मेहुण्याचा पत्ता नाही. ग्यारंटीवाला पोरगाही सापडेना.

वाईट वाटलं ते भाचीचं. पण तिनंच एके दिवशी बसून आजीकडून ऐकलेलं लिहून काढलं: हळद कशी शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात, आणि चमचाभर पूड पाण्यात टाकली, की शुद्ध असेल तर तळाला बसून पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर गडद होतं. शब्द तिचे, एकदाच लिहिलेले. हळूहळू लोक ते एकमेकांना दाखवू लागले. पुण्याहून दोन किलोची मागणी आली, मग नागपूरहून. नंबर कितवा, ते कुणी मोजलं नाही.

परवा मेहुणा पुन्हा काउंटरवर आला. नवी ठेव, ५,००० रुपयांची, भाचीसाठी.

"मुदत किती?" मी विचारलं.

"लांबची टाका, दाजी," तो म्हणाला. "आता घाई नाही."