वालुकाश्मातील संयोजक आणि खोऱ्याची कड : तेलगावच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेच्या उत्तरेस, सिंदफणेच्या खोऱ्यात वसलेले आहे. तेथील विहिरींत काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण हाच क्रम आढळतो. हा पाषाण म्हणजे सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून बनलेला दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट होय. या परिसरात वालुकाश्म कोठेही उघडा पडलेला नाही. त्याचे जवळचे विस्तृत क्षेत्र पाहावयाचे तर पूर्व-ईशान्येस तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, यवतमाळ जिल्ह्यातील वणी व चंद्रपूर जिल्हा या भागांतील वर्धा खोऱ्यात जावे लागते. तेथे गोंडवनी खडक पश्चिमेकडे व वायव्येकडे ट्रॅपच्या आच्छादनाखाली शिरून दिसेनासे होतात. ते पुढे कोठवर गेले आहेत, म्हणजेच त्या प्राचीन खोऱ्याची खरी कड कोठे आहे, हा प्रश्न मराठवाड्याच्या दृष्टीने केवळ पांडित्याचा नाही. बेसाल्टमधील पाणी सांधे, भेगा व कुजलेला थर यांपुरतेच मर्यादित असते. उलट सच्छिद्र वालुकाश्म पाण्याचा मोठा साठा धरू शकतो. मात्र तो सच्छिद्र आहे किंवा नाही, हे त्याच्या वाळूपेक्षा त्या वाळूचे कण जोडणाऱ्या संयोजक द्रव्यावर अधिक अवलंबून असते. या द्रव्याविषयीच्या ज्ञानाचा इतिहास म्हणूनच ध्यानात घेण्याजोगा आहे.

नागपूर प्रांतातील वालुकाश्मांचा पद्धतशीर अभ्यास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी आरंभिला. नागपूरच्या आसमंतातील खडक व जीवाश्म यांवरील त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी मांगली येथील वालुकाश्मात सापडलेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने वर्णन केले. पुढे १८६१ साली हिस्लॉप यांनी या प्रांतातील पातळ थरांचा वालुकाश्म व दगडी कोळसा यांच्या वयाविषयी स्वतंत्र निबंध लिहिला. १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. १८५९ साली सॅम्युएल हॉटन यांनी नागपूरजवळील टाकळीच्या एका हिरव्या खनिजास ‘हिस्लॉपाइट’ हे नाव दिले होते. ते वस्तुतः हिरव्या द्रव्याने रंगलेले कॅल्साइट होय. खडकातील पोकळीत पाण्याबरोबर येऊन साचणाऱ्या खनिजाशी या संशोधकाचे नाव जोडले जावे, हा योगायोग प्रस्तुत विषयास साजेसाच म्हणावा लागेल.

हिस्लॉप यांच्यानंतर हे कार्य १८५१ साली सुरू झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे आले. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी या भागाची पाहणी केली आणि थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ १८७७ साली निघाला. या संशोधकांपुढील काम व्यावहारिक होते. वरोऱ्याची खाण १८७१ पासून चालू होती आणि कोळसा कोणत्या वालुकाश्माखाली शोधावा, हे ठरविणे निकडीचे होते. त्यांनी थर ओळखले ते मुख्यत्वे रंग, काठिण्य व पोत यांवरून. तळाशी हिरवट तालचेर, त्यावर पांढुरके, फेल्स्पारयुक्त व कोळसा धारण करणारे बराकर, आणि सर्वांवर तांबूस, मध्येच लोहमय कठीण पट्ट्यांनी भरलेले कामठी, असा हा क्रम होता. यांतील शेवटच्या गटास नागपूरजवळील कामठी गावाचेच नाव मिळाले. क्षेत्रकार्यात ही ओळख अत्यंत उपयुक्त ठरली, यात शंका नाही. तथापि रंग व काठिण्य हे पुष्कळ अंशी संयोजकाचे गुण होत, आणि संयोजक वाळूबरोबरच जन्माला येतो, असे गृहीत धरण्यास वस्तुतः आधार नव्हता.

या गृहीतास पहिला धक्का सूक्ष्मदर्शकाने दिला. हेन्री सॉर्बी यांनी १८८० साली वालुकाश्मांच्या पातळ छेदांविषयी विवेचन करताना दाखविले की, क्वॉर्ट्झच्या झिजून गोल झालेल्या कणांभोवती त्याच खनिजाची नवी वाढ होते आणि तीच कणांना परस्परांशी जखडते. म्हणजे वाळू एका काळची व तिचा बंध दुसऱ्या काळाचा. लाल रंगाविषयीची समजूत याहून अधिक काळ टिकली. लाल वालुकाश्म म्हणजे शुष्क हवामानाचा पुरावा, असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. टी. आर. वॉकर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, लोहयुक्त खनिजे गाळात पुरली गेल्यावर तेथेच विघटन पावतात आणि त्यांतून सुटलेले लोह हेमॅटाइटच्या रूपाने कणांवर चढते. तेव्हा कामठीची लाली ही निक्षेपणकालीन हवेची साक्ष म्हणून एकटी पुरेशी नाही. ती नंतरच्या भूजलाचीही साक्ष असू शकते. वयनिश्चितीचा भार अखेरीस मांगलीच्या कवटीसारख्या जीवाश्मांवरच पडतो.

खोऱ्याच्या कडेस हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. प्राणहिता-गोदावरी खोरे हे विभंगांनी सीमित झालेले, वायव्य-आग्नेय दिशेने पसरलेले लांबट खचखोरे असून वर्धा खोरे हा त्याचा वायव्य भाग होय. अशा कडेजवळ उंच भागातून जाडीभरडी, फेल्स्पारयुक्त वाळू येते आणि त्याच उंचवट्यावर मुरलेले पाणीही तिच्यातून वाहत राहते. ताज्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते. पाण्यातील कॅल्साइट आरंभीच साचले, तर कण दाबले न जाता विरळ राहतात व छेदात जणू तरंगताना दिसतात. ते उशिरा साचले, तर आधीच घट्ट बसलेल्या कणांमधील थोडीच जागा त्याच्या वाट्यास येते. फेल्स्पार कुजून केओलीन बनते, तेव्हा सुटलेली सिलिका अन्यत्र क्वॉर्ट्झच्या रूपाने साचू शकते. एकाच थराचा एक भाग लोखंडासारखा कठीण व दुसरा हाताने चुरडण्याजोगा का असतो, याचा उलगडा यावरून होतो. कामठीचा ठिसूळ वालुकाश्म विहिरींना भरपूर पाणी देतो आणि तेच पाणी कोळशाच्या खाणींत उतरून अडचणी निर्माण करते.

तेलगावखाली असा वालुकाश्म असेल काय? या प्रश्नास अप्रत्यक्ष उत्तर दिले ते एका आपत्तीने. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधन करण्यात आले. त्यात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटरांच्या आसपासचा अवसादी थर आणि त्याखाली आर्कियन काळातील नाइस मिळाला. पश्चिमेस कोयना परिसरातील एका वेधनात ९३२ मीटर बेसाल्टनंतर, मध्ये कोणताही अवसादी थर न लागता, ग्रॅनाइटी पाया लागला. या दोन नोंदींवरून ट्रॅपखालील भूमी सर्वत्र गोंडवनी खोऱ्याची होती, ही कल्पना टिकत नाही. किल्लारी तेलगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे, म्हणून तेथील निष्कर्ष तेलगावास जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खोल वेधनाने वालुकाश्माचे पाणी हमखास लागेल, या आशेस त्यातून आधार मिळत नाही, हे मान्य करावे लागते. आणि उद्या एखाद्या वेधनात वालुकाश्म लागलाच, तरी त्याची जाडी मोजून भागणार नाही. त्याच्या कणांमधील जागा कोणत्या खनिजाने व केव्हा भरली, हे प्रथम तपासावे लागेल.

तोवर या प्रक्रियेचा धडा तेलगाव परिसरातील बेसाल्टही देऊ शकतो. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांत पाण्याने आणलेली झिओलाइट, कॅल्साइट व कॅल्सेडोनी ही खनिजे साचतात. विहीर खणताना निघणाऱ्या पांढऱ्या गारा पुष्कळदा याच असतात. खडक वेगळा, पोकळीचे कारण वेगळे. परंतु रिकाम्या जागेत शिरून तीत खनिजे भरणारे पाणी मात्र दोन्हीकडे तेच काम करते. वालुकाश्माचा इतिहास वाळू साचल्यावर संपत नाही, हे ध्यानात येण्यास भूविज्ञानास शंभरांहून अधिक वर्षे लागली. खोऱ्याच्या कडेचा शोध घेणाऱ्याने वाळूइतकेच तिच्या संयोजकाचेही वाचन केले पाहिजे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.