लोणावळ्यातली मोजदाद

मेंदूविज्ञान वर्गात आणायची चर्चा आजची वाटते. पण १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंद मुळात शिक्षणक्षेत्रातले. आधी अमळनेरला शिकवत होते. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ सुरू केलं आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली, दाबमापकावर तपासल्या. प्राणायामाने प्राणवायू जास्त मिळतो, ही समजूतही मोजून पाहिली. ती टिकली नाही, तेव्हा तसं लिहिलं. प्राणायाम मात्र सोडला नाही. त्याचं महत्त्व दुसरीकडे शोधलं. आज मावळातल्या एखाद्या वर्गात ‘दीर्घ श्वास घ्या, मेंदूला ऑक्सिजन मिळेल’ असं सांगण्याआधी हे आठवावं. मुलं शांत होतात हा अनुभव खरा असेल. पण आपण दिलेलं कारण खरं असेलच असं नाही. अनुभव आणि कारण यांतला हा फरक शिक्षकाला कळला, तरच विज्ञान वर्गात आलं म्हणायचं.